माझ्या हातचा पाव

मास्तरजींनी मेजावरची पावाची ताटली उचलली तेव्हा मला वाटलं, माशी बसली असेल.

खरंच असं वाटलं. मी मागे जमिनीवर अंथरलेल्या दरीवर बसली होती, बायकांच्या बाजूला. आमच्या गिरजात पुढे सहा-सात बाकं होती, त्यांवर शाळेतले, दवाखान्यातले, कचेरीतले लोक बसायचे. बाकी आम्ही दरीवर. प्रभुभोजनाचा रविवार होता. पाद्रीसाहेब पाव मोडायच्या आधीची प्रार्थना सुरू करणार, तेवढ्यात मास्तरजी बाकावरून उठले. ते मिशनच्या शाळेचे हेडमास्तर आणि मंडळीचे पंच. पुढे गेले, खिशातून रुमाल काढला, हातावर पसरला आणि मग ताटली उचलली.

"हा पाव या मेजावर चालणार नाही," ते म्हणाले. "हा कुणाच्या हातचा आहे, हे मंडळीला आजवर ठाऊक नव्हतं. आता कळलं आहे."

अर्धी मंडळी हिंदी बोलणारी. म्हणून मग तेच त्यांनी हिंदीत सांगितलं. चला, म्हणजे कुणी सुटायला नको.

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. गरजच पडली नाही. बाकांवरच्या माना एकेक करून मागे वळल्या आणि माझ्यावर येऊन थांबल्या. पाद्रीसाहेब गोरे, आमच्या भांडणांत पडायचे नाहीत. ते पुस्तकात बघत राहिले. त्यांची मडम पहिल्या बाकावर होती. तिने मान वर केली नाही.

मग मास्तरजींच्या बायकोने, सगुणाबाईंनी, पिशवीतून पांढऱ्या फडक्यात बांधलेला पाव काढला. घरून करून आणला होता. म्हणजे हे आधीच ठरलेलं होतं. रागाच्या भरात झालं असतं तर मी एक वेळ समजून घेतलं असतं. पण फडकं धुतलेलं होतं, इस्त्री केलेलं होतं.

पाद्रीसाहेबांनी तो पाव मोडला. पाव आधी बाकांवर फिरवला, मग दरीवर. सगळ्यांत शेवटी माझ्यापर्यंत आला आणि मी तो खाल्ला. हो, खाल्ला. दगड होता नुसता, खमीर चढलंच नव्हतं त्याला. मी मान खाली घालून गिळला आणि तशीच बसून राहिली. मास्तरजींनी केलं ते केलं, पण हे मी केलं, आणि आजही मला त्याचीच चीड येते.

उपासना संपल्यावर माझी ताटली खिडकीत पडली होती. मी ती पदराखाली घेऊन घरी आली. माय अंगणात बसली होती, तिचे गुडघे धरले होते म्हणून ती आली नव्हती. तिने एक तुकडा मोडून तोंडात टाकला.

"आज तं लयच मऊ झाला वो," ती म्हणाली. "उरला कसा काय?"

मी ताटली तिच्यापुढे ठेवून चूल पेटवायला गेली.

आम्ही भंडाऱ्याकडचे महार. दुष्काळात गाव सोडलं. बाप वाटेतच गेला, सरकारी खडी फोडता फोडता. माय मला घेऊन रेल्वेच्या रुळाला धरून चालत राहिली आणि जबलपूरला पोहोचली, कारण कुणीतरी सांगितलं होतं की तिथे मिशनवाले खायला देतात. दिलं. मायला झाडझुडीचं काम दिलं, मला मुलींच्या शाळेत घातलं.

पहिल्या दिवसाचं मला एकच आठवतं. तहान लागली होती. माठाजवळ गेली आणि सवयीने दूर उभी राहिली, कुणीतरी वरून ओतेल म्हणून. मेट्रन म्हणाली, "हात नाहीत का तुला? घे की." मी पाणी काढायचा डोंगा माठात बुडवला. पाणी प्याली. पुन्हा बुडवला, तहान नव्हती तरी. मेट्रन हसत होती.

त्या माठानेच मला ख्रिस्ती केलं म्हटलं तरी चालेल. धडे, गीतं, ते सगळं नंतर. गावात माय रस्त्याने चालताना सारखी दचकायची. कुणाची सावली पुढे आली की बाजूला, कुणी खाकरलं की बाजूला. तो दचका माझ्याही अंगात भरलेला होता. बाप्तिस्मा झाल्यावर तो हळूहळू निघून गेला. कुणीतरी आपला आहे, तो आपल्याला नावाने ओळखतो, त्याच्या घरात आपण पाहुणे नाही, घरचे आहोत, असं मला वाटायला लागलं. चूल पेटवायच्या आधी मी म्हणायची, प्रभू, आजचा दिवस तुझा. एवढीच माझी प्रार्थना. तेवढ्यावर दिवस निभायचा. लोक शांती शांती म्हणतात ना, मला ती अशी सापडली होती.

लग्न मिशनमध्येच झालं, याकोबशी. तो मिशनच्या अहात्यात, म्हणजे आवारात, माळी होता. अहात्याच्या मागच्या बाजूला आम्हाला एक खोली मिळाली, पक्क्या भिंतीची, कवेलूच्या छपराची. मायही आमच्यातच. मी मडमच्या बावर्चीखान्यात लागली. तिथल्या बुढ्या खानसाम्याने मला पाव शिकवला. बटाट्याचं खमीर कसं लावायचं, थंडीत कणीक कुठे झाकून ठेवायची, भट्टी तापली की नाही हे हात धरून कसं ओळखायचं. तो गावी गेला आणि पाव माझ्याकडे आला. मडमच्या टेबलाचाही आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभूच्या मेजाचाही.

त्याच्या आदल्या शनिवारी मी सकाळपासून काही खायची नाही. कुणी सांगितलं नव्हतं, माझं मीच ठरवलं होतं. मळताना मंडळीतल्या एकेका घराचं नाव घ्यायची. दवाखान्यातल्या कंपाउंडरचं घर, त्याची बायको आजारी. दरीवरची विधवा. मास्तरजींचं घरही घ्यायची. अकरा महिने घेतलं.

आणि माती खाल्ली ती मीच. माझ्याच तोंडाने सांगितलं.

झालं असं, त्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी सगुणाबाई बंगल्यावर आल्या. मडम बाहेर गेली होती. त्या मागे बावर्चीखान्याच्या दाराशी आल्या. मी कोपरापर्यंत पिठात. त्या म्हणाल्या, "मडमचा पाव इतका छान होतो, मला विचारायचंच होतं कधीपासून. काय घालतात गं त्यात?"

मला इतका आनंद झाला काय सांगू! मी म्हटलं, "मडम नाही करत बाई, मीच करते. प्रभुभोजनाचाही मीच करते. बसा ना, दाखवते."

त्या बसल्या नाहीत. माझ्या हातांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अगंबाई. अच्छा." आणि निघाल्या. मी चहा टाकला होता, तो तसाच राहिला. मला वाटलं, घाई असेल. बघा, किती भोळी होती मी. मंडळीत आल्यावर जात मागे राहते, असं मला सांगितलं होतं आणि मी ते खरं धरून चालली होती.

रविवारचं सांगितलंच. सोमवारी मडमने बोलावलं. ती वाईट बाई नव्हती. मला टायफाईड झाला तेव्हा तिने स्वतः माझ्या डोक्यावर पट्ट्या ठेवल्या होत्या. म्हणून तिचं बोलणं जास्त लागलं.

"देखो, मंडली में शांति चाहिए," ती म्हणाली. "हमारा पाव तुम ही बनाओ. लेकिन प्रभुभोज का सगुणाबाई बनाएगी. और अगले इतवार तुम खड़ी होकर माफ़ी माँग लो. पंच लोग यही चाहता है."

"माफी कशाची मडम?"

"कि तुमने बताया नहीं."

"आप ने बताया था?"

ती लाल झाली. म्हणाली, "मैंने कभी नहीं कहा कि पाव मैं बनाती हूँ."

तिने म्हटलं नाही, मीही म्हटलं नाही. लोकांनी आपल्या मनाने धरलं की इतका चांगला पाव गोऱ्या हाताचाच असणार. मग फसवलं कुणी? पण हे मी तिथे बोलली नाही. कारण तिने पुढे हळूच सांगितलं की पंच ऐकले नाहीत तर खोलीचं आणि याकोबच्या कामाचं तिच्या हातात काही राहणार नाही. खोली मिशनची. मिशनचं पंचांशिवाय पान हलत नाही. झालं.

माफीची रीत आमच्याकडे होती. कुणी दारू प्यालं, कुणी बायकोला मारलं, कुणी देवीच्या जत्रेत नारळ फोडला, तर त्याने मंडळीसमोर उभं राहून कबूल करायचं. तोवर मेजाला यायचं नाही. मला ती रीत वाईट वाटायची नाही. माणूस रडायचा, लोक त्याला मिठी मारायचे. आता त्या दारूड्यांच्या रांगेत मी होती, कणीक मळली म्हणून.

मास्तरजींनी कागद पाठवला. त्यावर त्यांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'मी आपली जात व आपले काम लपवून मंडळीस फसविले. त्याबद्दल मी प्रभूची व मंडळीची क्षमा मागते.'

मी वाचलं. पुन्हा वाचलं. जात. हाच माणूस मला बाप्तिस्म्याच्या वर्गात शिकवायचा की पाण्यात शिरताना जात बुडते. बुडाली होती ना? मग ती वर आली कुठून, ह्या कागदावर?

आणि मास्तरजी कोण? ते ब्राह्मणाचे. भोसल्यांच्या अमलात त्यांचे पूर्वज कारकुनीवर इकडे आलेले. ते येशूकडे आले तेव्हा त्यांच्या बापाने ते जिवंत असताना त्यांचं श्राद्ध घातलं, घराचं दार बंद केलं. दरवर्षी साक्ष देताना ते हे सांगायचे आणि रडायचे. मीही रडायची. मला वाटायचं, ह्या माणसाला दार तोंडावर आपटल्याचं दुःख कळतं.

म्हणून मी बुधवारी त्यांच्या घरी गेली. म्हटलं, विचारून तर बघू. त्यांनी मला व्हरांड्यात उभं केलं.

"मास्तरजी, माझं चुकलं काय, ते सांगा."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "हे बघ, देवासमोर मला काही वाटत नाही. पण मंडळी वाढायला हवी. उद्या चांगल्या घरचा एखादा माणूस येशूकडे येऊ पाहील, आणि त्याला कळलं की मेजावरचा पाव असा येतो, तर तो येईल का?"

चांगल्या घरचा.

माझे कान तापले. "येते जी," म्हणून मी निघाली. आत सगुणाबाईंची भांडी वाजत होती.

तो आठवडा माझा नुसता जळून राहिला होता. ओमतीच्या बाजारात मैदा आणायला गेली तर दुकानदार तीनदा विचारतो, "दीदी, कितना दूँ?" आणि मी आपली उभी. मैदा घेतला, पैसे दिले आणि पिशवी तिथेच विसरून आली. चुलीपुढे बसली तर प्रार्थनाच येईना. आजचा दिवस तुझा, हे म्हणायला तोंड उघडायची आणि राग यायचा. कुणाचा दिवस? मास्तरजींचा दिवस. मी देवाशी भांडली. होय, भांडली. म्हटलं, प्रभू, तू माझा की त्यांचा, एकदाचं सांगून टाक. तू बोलत काहून नाहीस? तुझ्याच मेजावरून उचललं ना मला?

याकोब घाबरून गेला होता. तो शांत माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

"अवं, दोन ओळी तं आहेत. वाचून टाक ना," तो म्हणाला. "काहून एवढं मनाले लावून घेऊन राहिली? खोली गेली तं मायले घेऊन जाशीन कुठं?"

त्याचं खोटं नव्हतं. मायचे गुडघे, पावसाळा तोंडावर, आणि शहरात आम्हाला भाड्याने खोली देणार कोण? हिंदू म्हणणार किरिस्ताव, किरिस्ताव म्हणणार महार.

मायला तोवर सगळं कळलं होतं. ती म्हणाली, "बाई, माफी मागाची आपल्याले सवय आहे. मी जनमभर मागतली. रस्त्यानं चालली म्हणून मागतली, पाणी प्याली म्हणून मागतली. अजून एक डाव माग. काय बिघडते?"

ती समजुतीने बोलत होती. मला धीर द्यायला बोलत होती. आणि तिथेच मला दिसलं की उद्या मी कागद वाचला तर परवा अजून एक कागद येईल. मग मी पुन्हा दचकायला लागेन. मला लेक झाली तर म्हातारपणी मी तिला हेच सांगेन, ह्याच मायेने सांगेन. गाव सोडून, बाप गमावून, एवढं चालून आम्ही जे मागे टाकलं होतं, तेच अहात्याच्या भिंतीआत बसून राहिलं होतं.

शनिवारी दुपारी मी पुस्तक उघडून बसली. प्रभूच्या शेवटच्या जेवणाचं वाचत होती. शंभरदा वाचलेलं. माडीवरची खोली आहे, मेज आहे, कोण कुठे बसलं ते आहे, कोण दगा देणार तेही आहे. त्याने पाव घेतला, असं आहे. आणि मी थांबली. तो पाव मळला कुणी? कुणीतरी मळला असेलच ना! सकाळी उठून, पीठ चाळून, भट्टीपुढे घामाघूम होऊन. कोण होती ती? कुणाच्या घरची? कोणत्या जातीची? पुढे वाचलं, मागे वाचलं. कुठेच नाही. त्याने विचारलंच नाही. समोर आलेला पाव त्याने हातात घेतला आणि म्हटलं, हे मी आहे.

मी रडली. आठवड्यात पहिल्यांदा रडली. आणि मला कळलं की खोली मिशनची आहे, काम मिशनचं आहे, बाकं पंचांची आहेत. ते सगळं ते परत घेऊ शकतात. पण माझी शांती त्यांनी दिलेली नव्हती. ती कागद वाचून टिकणार नव्हती आणि खोली गेली म्हणून जाणार नव्हती. मी उगाच दोन्हींची एकत्र गाठ मारून ठेवली होती.

संध्याकाळी मी याकोबला सांगितलं, "मी कागद वाचणार नाही."

तो उठून झाडांना पाणी घालायला गेला, आधीच घातलं होतं तरी.

रविवार आला. मास्तरजींनी माझं नाव पुकारलं, ह्या वेळी पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट. मी दरीवरून उठली. बाकांच्या मधून चालत पुढे गेली. पाद्रीसाहेब पुस्तकातच बघत होते.

"वाच," मास्तरजी म्हणाले.

मी कागदाची घडी न उघडताच तो मेजावर ठेवला.

"मी हे वाचणार नाही जी," मी म्हटलं. आवाज फाटला माझा. "मी काही लपवलं नाही. मला कुणी विचारलं नाही. मी खमीर लावलं, मी मळलं, मी भाजलं. अकरा महिने तुम्ही सगळ्यांनी खाल्लं आणि आमेन म्हटलं. त्यात पाप असेल तर माझं एकटीचं नाही. खाणाऱ्यांनीही उभं राहावं."

बाहेर टांग्याची घंटी वाजून गेली.

"बस खाली," मास्तरजी म्हणाले.

"आणि मास्तरजी, तुम्ही म्हणाले, चांगल्या घरचा माणूस येणार नाही. मी आली ना? माझी माय आली. आम्ही कोणत्या घरचे?"

"खाली बस, म्हणतो ना!"

मग तेच सगळं मी हिंदीत सांगितलं. सगळं. कुणी सुटायला नको. सगुणाबाई रुमालाशी चाळा करत होत्या. मडम रडत होती, पण बाकावरून उठली नाही. दरीवरच्या माझ्या माणसांकडे मी बघितलं. ज्यांची नावं घेऊन मी कणीक मळली होती, त्यांनी नजर जमिनीला लावली. त्यांच्याही खोल्या मिशनच्याच. मला राग आला आणि दयाही आली, पण राग जास्त आला.

मेजाला यायची मला बंदी झाली. महिन्याभरात खोली गेली. याकोबचं काम गेलं. तो मला बोलला, खूप बोलला, आणि मग सामान डोक्यावर घेऊन माझ्या पुढे चालायला लागला. ओमतीच्या नाल्यापलीकडे एका मुसलमान भट्टीवाल्याने आम्हाला मागची पडवी दिली. माझा पाव बघितला, चव घेतली आणि म्हणाला, "कल से आ जाओ." बाकी काही विचारलं नाही. पहिल्या पावसात पडवी गळायची. मायचे गुडघे आणखी धरले. ती मला म्हणते, तू लय हट्टी. तिने मला अजून माफ केलेलं नाही, आणि मी तिच्याजवळ माफी मागितलेलीही नाही.

लोक म्हणतात, दुसऱ्या गिरजात जा. सदर बाजाराकडे आहे एक. कुणी म्हणतं, कशाला पाहिजे तो येशू, सोड. मी का सोडू? तो मास्तरजींच्या घरचा नाही. मी त्याला त्यांच्या हाती देऊन यायची नाही.

दर रविवारी मी जाते. ओमतीवरून चालत जाते, धुतलेलं लुगडं नेसून. आता दरीवर बसत नाही. दुसऱ्या बाकावर बसते, सगुणाबाईंच्या मागे. पहिल्या दिवशी त्या बाकावरच्या दोघी उठून गेल्या. गेल्या तर गेल्या. मी सरकून मधोमध बसली. मास्तरजींनी दोनदा निरोप पाठवला की ती जागा माझी नाही. मी निरोप आणणाऱ्याला म्हटलं, त्यांना म्हणावं, उचलायला या, रुमाल घेऊन या.

महिन्याच्या पहिल्या रविवारी ताटली फिरते. माझ्या बाकापाशी आली की मास्तरजी ती उंच धरतात आणि पुढे जातात. मी हात पुढे करते. दर वेळी करते, सगळ्यांना दिसेल असा. ताटली निघून जाते आणि मी हात तसाच ठेवते, शेवटचं गीत होईपर्यंत. दुखतो. दुखू दे. मी तो खाली घेणार नाही.